ॲक्सिडेंटनंतर थकलेलं बिल: मेडिक्लेम, अडीच लाख घेऊन मोकळं व्हायचं की क्लेम लढायचा?

माझ्या मामेभावाला हायवेवर कारने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर सांगितलं की एक लाख ऐंशी हजार बाकी आहेत, भरल्याशिवाय पेशंट सोडणार नाही. असं करता येत नाही बरं का, महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनंतर बिलासाठी पेशंट अडवून ठेवता येत नाही. पण पेशंट घरी आला म्हणजे देणं संपलं असं नाही, म्हणून पैसे कुठून उभे करायचे ते बघू.

रस्त्यावरच्या ॲक्सिडेंटमध्ये जखमी झालेल्यांसाठी केंद्राची कॅशलेस उपचारांची योजना मे २०२५ पासून आहे, दीड लाखापर्यंत आणि ॲक्सिडेंटपासून ७ दिवस. यादीतलं हॉस्पिटल असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जनंतर आठवून काय उपयोग.

मेडिक्लेम असेल तर डोकं न लावता आधी तोच वापरा. बरेच जण म्हणतात नको, मेडिक्लेम घेतला तर कोर्ट तेवढे पैसे कापतं. आमच्याकडे पण काका हेच सांगत होते. पण मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम नुकसानभरपाईतून वजा करायची नाही, कारण तो प्रीमियम तुम्ही भरलेला असतो. फक्त ओरिजनल बिलं कंपनीकडे जातात, त्यामुळे आधी हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याच्या कॉप्या घेऊन ठेवा, आम्ही घेतल्या नव्हत्या आणि नंतर रेकॉर्ड रूमला किती चकरा मारल्या ते विचारू नका. आणि हो, गाडीच्या पॉलिसीतला १५ लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर हॉस्पिटलच्या बिलासाठी नसतो, तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच.

आता खरा प्रश्न, समोरच्या गाडीच्या इन्शुरन्सकडून काय घ्यायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही, आणि हाड मोडलं तर ते गंभीर दुखापतीतच धरतात. कलम १६६ खाली मोटार ॲक्सिडेंट क्लेम ट्रिब्युनलमध्ये गेलात तर वरची मर्यादा नाही, बिलं, बुडालेला पगार, पुढचं ऑपरेशन, अपंगत्व सगळं मागता येतं आणि व्याजही मिळतं, पण समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि वर्षं जातात. तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही अर्ज चालतो, पण कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिलीय, त्यामुळे "पेशंट चालायला लागल्यावर बघू" म्हणत बसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १६४ चे पैसे स्वीकारले की १६६ चा अर्ज संपतो. कंपनीचा माणूस गोड बोलून सही मागतो तेव्हा हे सांगतोच असं नाही.

माझं मत विचाराल तर चूक आपलीच असेल, किंवा साक्षीदार नाही आणि पोलिसांच्या कागदात काही धड नाही, तर अडीच लाख घ्या. पण पुन्हा ऑपरेशन लागणार असेल किंवा कमावता माणूस लंगडत राहणार असेल तर अडीच लाखात काय होतंय? तिथे १६६ च. मध्येच लोकअदालतीत तडजोड करता येते, रक्कम जरा कमी पण पैसे लवकर, फक्त त्यावर अपील नाही.

क्लेमच्या भरवशावर हॉस्पिटल थांबत नाही मात्र. बिलाचा आयटमवाइज ब्रेकअप मागा, बिलिंगवाल्यांशी बोलून हप्ते लेखी ठरवा, पण पुढच्या तारखांचे चेक शक्यतो देऊ नका, बाउन्स झाला तर कलम १३८ ची फौजदारी केस होते आणि साधी उधारी भलतीकडेच जाते.

मामेभावाचं देणं मेडिक्लेम आणि तीन हप्त्यांत फिटलं. त्याच्या १६६ च्या केसला पुढची तारीख पडलीय, परत.