सीएसआर की मार्केटिंग? ठाणे-नवी मुंबईतल्या कलासंस्थांनी कंपनीकडे जाण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीकडून कलेसाठी पैसा मिळतो, तो दोन वेगळ्या विभागांतून: सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा निधी, आणि मार्केटिंग. दोघांचे नियम, करार, वेळापत्रक आणि अपेक्षा एकमेकांशी जुळत नाहीत. संस्था सरसकट एकच पत्र सगळ्यांना पाठवतात आणि तिथेच अडकतात. आमचं मत स्पष्ट आहे. टिकणारं काम, म्हणजे वास्तूचं संवर्धन, ग्रंथालय किंवा लोककलेचं वर्षभराचं प्रशिक्षण, सीएसआरकडे न्यावं. दिवाळी पहाट, नाट्यमहोत्सव, चित्रप्रदर्शन मार्केटिंगकडे न्यावं.

यामागे कायदा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. अनुसूची ७ मध्ये वारसा, कला, ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार, सार्वजनिक ग्रंथालयं आणि पारंपरिक कला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असे एकवेळचे कार्यक्रम बसत नाहीत, हे केंद्राने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. त्यामुळे ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहातल्या एका संध्याकाळच्या मैफलीसाठी सीएसआर अधिकाऱ्याच्या मागे लागण्यात महिने घालवू नयेत.

कागदपत्रांत सीएसआर जड आहे. ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदणीकृत हवी, आयकराची १२ए नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी मान्यता हवी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. संगीत सभा भरवणाऱ्या संस्थेने अचानक जुन्या विहिरीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव दिला, तर बऱ्याचदा या शेवटच्या अटीवर तो परत येतो. मार्केटिंगला यातलं काहीच लागत नाही. त्यांना हवे असतात प्रेक्षकांचा आकडा, बॅनरच्या जागा, पहिल्या रांगेतले पास. सीएसआरमध्ये मात्र कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी राखीव पास देऊ नका.

एक गैरसमज संस्थांना फार महागात पडतो. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत’ असं सांगून प्रकल्प समन्वयकाचा पगारही कापला जातो. प्रत्यक्षात ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. प्रकल्पाचं नियोजन, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च तिच्यात येत नाही. अंदाजपत्रकात तो वेगळ्या ओळीत दाखवा आणि चर्चेत सोडू नका.

नामफलकाची भाषा हा सगळ्यांत नाजूक भाग. ‘अमुक कंपनीच्या अर्थसाहाय्याने’ एवढंच कृतज्ञतेपोटी लिहिलं तर जीएसटीच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ती देणगीच राहते. त्याच फलकावर उत्पादनाचं चित्र, घोषवाक्य, शोरूमचा पत्ता आला की ती जाहिरात ठरते. मग १८ टक्के जीएसटीचा प्रश्न उभा राहतो आणि कंपनीच्या सीएसआर हिशेबावरही बोट ठेवलं जातं. प्रायोजकत्वाचा कर ट्रस्टच्या बाबतीत सहसा प्रायोजक कंपनीच भरते. तुमची संस्था सेक्शन ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर १६ जानेवारी २०२५ पासून तो तुम्हाला बिलात लावावा लागतो. मोठा लोगो सार्वजनिक भिंतीवर येणार असेल, तर महापालिकेची जाहिरात परवानगी हा आणखी वेगळा विषय.

पैसा कधी येतो, हेही पाहा. मार्केटिंगचं दिवाळीचं बजेट पावसाळ्यातच ठरतं. बिल मात्र कार्यक्रमानंतर दीड-दोन महिने रखडू शकतं आणि कलाकारांचं मानधन तर त्याच दिवशी द्यायचं असतं. म्हणून ५० टक्के करारावर, ४० टक्के कार्यक्रमाआधी आणि १० टक्के अहवालानंतर, असं लिहूनच घ्या.

सीएसआरचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथेच वास्तुसंवर्धनाची गाडी रुतते. कोकणपट्टीत चुन्याचं काम ऑक्टोबर ते मे एवढंच नीट होतं. पावसात भिंत ओली असते आणि चुन्याला सावकाश सुकायला वेळ लागतो. मार्चअखेरीस निधी संपवण्याच्या घाईत ठेकेदार सिमेंटचा गिलावा मारतो. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीतली ओल त्यामुळे आत कोंडते, क्षार वर येतात आणि एखाद-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. उपाय नियमातच आहे. सुरुवातीलाच संचालक मंडळाकडून कामाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घ्या. मग उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात जाते आणि पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. उड्डाणपुलाच्या खांबांवरची भित्तिचित्रंही दिवाळीनंतरच काढा. आधी गळती थांबवा, मग प्रायमर लावा.

मालकी आणि देखभाल करारात नसेल तर चांगलं कामही वाया जातं. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती संस्थेकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जाते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण आजही सर्वांत उपयोगी आहे. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. सीएसआरचा कायदा तेव्हा आलाही नव्हता. महापालिकेच्या किंवा सिडकोच्या जागेवर काम असेल तर असाच तिघांचा करार मागा. त्यात किमान पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि नामफलक किती वर्षं राहील, हे दोन्ही आकडे घालून घ्या.