तयार क्रॅक फिलरचा डबा: एक बेळगावी पावसाळा काढल्यानंतर

आधी निकालच सांगतो. डब्यात तयार मिळणारी अ‍ॅक्रेलिक क्रॅक फिलर पेस्ट आतल्या, कोरड्या, सपाट भिंतीवर चांगली आहे. दाणेदार किंवा टेक्स्चरच्या भिंतीवर ती निम्मं काम करते, बाकीचं तुमच्या हाताला करावं लागतं. ओल असलेल्या भिंतीवर तिच्यासाठी एक रुपयाही घालू नका. गेल्या गणपतीनंतर डबा आणला, दिवाळीच्या रंगकामात वापरला, उन्हाळ्यात वापरला, आणि आता इथला एक अख्खा पावसाळा तिच्यावरून गेलाय. आठ दिवस वापरून पाच तारे देणाऱ्यांच्या हिशेबात पाऊस येतच नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या जातीच्या सगळ्या पेस्ट साधारण सारख्याच वागतात.

खडेबाजारातला दुकानदार म्हणाला होता, "काका, हे एकच घ्या, घरातलं सगळं होतंय बघा." तर हे 'सगळं' कुठवर होतं, ते लिहितो.

आमचं घर वडगावात. खालचा मजला जुना, जांभ्या चिऱ्यांचा. वरचा नंतर विटांत चढवलेला. त्याच्या हॉलला रोलरचं टेक्स्चर, जिन्याला सँडफेस, म्हणजे वाळूचे दाणे वर दिसणारा गिलावा. भोकं कुठून येतात हे सांगायला नको: मखराचे खिळे, पडद्याचे दांडे, जागा बदललेला टीव्ही, आणि भाडेकरू. गेल्या वेळच्या भाडेकरूंनी तर एका भिंतीत इतके खिळे मारले होते की दुकान थाटायचा विचार असावा.

खिळ्याची भोकं आणि केसासारख्या बारीक भेगा, इथं पेस्ट झकास. पुटी लावायच्या पत्र्यानं दाबून भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा एक हात, वर रंग. पावसाळ्यानंतरही यातलं एकही भोक परत उघडं पडलेलं नाही. पण खोल भोक एका दमात भरायचं नाही. पेस्ट वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडतं, आणि तेवढी ती आकसते. वरून कोरडी दिसते, आत ओली राहते, आणि आठवड्यानं मधोमध खळगा पडतो. दोन-तीन मिलिमीटरचा थर, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. डब्यावर वाळायचा जो वेळ छापलाय तो उन्हाळ्याचा समजा. जुलैत आमच्याकडं तोच थर दुसऱ्या दिवशीही नखाला लागत होता.

आता टेक्स्चर. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. भोक भरतं, पण भिंतीवर एक गुळगुळीत ठिगळ उरतं, आणि ते भोकापेक्षा जास्त डोळ्यांत खुपतं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: भरण भिंतीच्या पातळीला आणायचं नाही, दीड-दोन मिलिमीटर खाली ठेवायचं. टेक्स्चरचा थर त्या उरलेल्या जागेत बसवायचा. आणि ठिगळाची कड सरळ नको. चौकोनी कड लांबूनही ओळखू येते, म्हणून जुनं टेक्स्चर थोडं वेडंवाकडं खरवडून घ्यायचं.

भिंत मुळात कशानं केली होती तेच हत्यार, नाहीतर त्याच्या जवळचं, हातात पाहिजे. जिन्याच्या सँडफेसला पेस्टचा काही उपयोग नाही, ती फार बारीक. तिथं पांढऱ्या सिमेंटच्या पावडर पुटीत चाळलेली वाळू मिसळली, लावली, आणि ती घट्ट व्हायच्या आत ओल्या स्पंजानं गोल गोल फिरवली. दाणे वर येतात. वाळूचीच पंचाईत झाली. जुन्या गिलाव्यात नदीची वाळू आहे, दाणा गोल, रंग तांबूस. आता कुठंही मिळते ती दगड फोडून केलेली एम-सँड, दाणा टोकदार आणि करडा. रंगाखाली करडेपणा झाकला जातो, टोकदारपणा नाही. हात फिरवला की लगेच कळतं. शेजारच्या अक्कांच्या जुन्या बांधकामातली थोडी नदीची वाळू परड्यात पडून होती, ती मागून आणली. ठिगळ कुठं आहे ते आता मलाही शोधावं लागतं.

हॉलच्या रोलर टेक्स्चरला मात्र पेस्ट चालली. तीत थोडा अ‍ॅक्रेलिक प्रायमर घालून दह्याइतकी सैल केली आणि छोट्या टेक्स्चर रोलरनं फिरवली. रोलर नसेल तर चुरगाळलेलं जुनं सुती कापड चालतं. उठलेली टोकं जरा सुकली की पत्रा अगदी हलका, जवळजवळ आडवा धरून टेकवत न्यायचा. टोकं दबतात आणि जुन्या भिंतीसारखी चपटी होतात. आधी पुठ्ठ्यावर चार हात करून बघा. आणि तपासायचं ते दिवसा खिडकीसमोर उभं राहून नाही. रात्री मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारायचा, सावल्या सगळं सांगतात. दिवसा बेमालूम वाटलेलं ठिगळ त्या उजेडात उघडं पडतं.

रंगाचं थोडक्यात. प्रायमर टाळला तर पुटी रंग पिऊन टाकते आणि तेवढा डाग मातकट दिसतो. तोच शेड नंबर आणला तरी जुना रंग उतरलेला असतो, म्हणून ठिगळापुरतं न रंगवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत पूर्ण मारायची. खर्च वाढतो, पण पर्याय नाही.

खालच्या मजल्यावर डबा पार हरला, आणि त्यात त्याचा दोष नाही. जांभ्यात ड्रिल घातलं की भोक ड्रिलच्या मापाचं राहत नाही. दगड सच्छिद्र, आत कुठं मऊ कुठं कडक, बिट मऊ जागेकडं सरकतं. आठ मिलिमीटरच्या रॉ प्लगसाठी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुल्ली) केलेलं भोक बाहेर रुपयाएवढं आणि आत त्याहून मोठी पोकळी, असं होतं. तिथं पेस्ट भरत बसलात तर डबा संपेल आणि प्लग हालतच राहील. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं चिऱ्यांची घरं असणाऱ्यांना हे ठाऊकच असेल. सुटं सगळं खरवडून काढायचं, धूळ ब्रशनं झाडायची, आतून पाणी मारून दगड ओला करायचा. कोरडा चिरा सिमेंटमधलं पाणी शोषून घेतो आणि भरण भुसभुशीत होऊन सुटतं. मग एकास चार सिमेंट-वाळू, मध्ये जांभ्याच्याच कपच्या ठोकून. चार-पाच दिवस पाणी मारायचं आणि मगच वर पुटी. परत त्याच जागी वजन टांगायचं नाही, दुसरीकडं नवीन भोक करायचं.

आणि ओल. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते, खाली पांढरा खार फुटला होता. उन्हाळ्यात पेस्ट लावली तेव्हा छान बसली. मृग लागला, पंधरवड्यात फोड आले आणि बोट लावताच अख्खा तुकडा हातात. आमचे पेंटरमामा आधीच बजावत होते, "ओल हाय तवर हात लावू नका ओ. लावलासा तर परत मलाच बोलवणार." भिंतीतलं पाणी बाहेर येताना मीठ घेऊन येतं, पाणी उडतं, मीठ पुटीच्या मागं साठतं आणि तिला ढकलून देतं. याला कोणताही डबा पुरणार नाही, पाणी कुठून येतंय ते आधी बंद करावं लागतं. पीओपीचं तर नावच नको. पंधरा-वीस मिनिटांत आवळतं म्हणून गवंडी खूश, पण ते जिप्सम, ओलीत मऊ पडतं. छताच्या कोरड्या कामाला ठीक.

सासुरवाडी अथणीकडची, तिथं वेगळीच तऱ्हा. पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी कमी, तरी भिंतींना दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा. काळी जमीन पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. एप्रिलमध्ये बोट जाईल अशी भेग पावसानंतर मिटलेली असते. मेहुण्यांनी माझ्या सांगण्याची वाट न बघता तिथं हीच पेस्ट भरली, आणि ती कडेनं सुटली. हलणाऱ्या भेगेला वाळून कडक होणारी वस्तू टिकत नाही. भेग इंग्रजी व्ही आकारात रुंद करून रबरासारखा ताणणारा सीलंट भरावा लागतो, वर जाळीची पट्टी. भेग दरवर्षी वाढत असेल तर पुटीवाल्याला नको, इंजिनिअरला बोलवा.

घरातल्या बाकीच्या पृष्ठभागांवर दुकानदाराचं 'सगळं होतंय' बरंच पातळ होतं. टाईलमधल्या स्क्रूच्या भोकाला पेस्ट लावली तर पाण्यानं विरघळल्यासारखी निघते. तिथं दोन भाग मळून एक करायची एम-सील. दोन्ही भाग सारखे घ्यायचे आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं, रेघा राहिल्या तर तेवढी जागा कच्ची राहते. कडक झाल्यावर घासायला जीव जातो, म्हणून ओली असतानाच पाण्याच्या बोटानं सारखी करा. ओट्याच्या ग्रॅनाइटचा टवका मी असाच भरला. रंग जुळला नाही, पण कोपरा आता हाताला लागत नाही.

लाकडाला पेस्ट अजिबात नको. सागवानी चौकटीतल्या जुन्या बिजागरीच्या भोकांना त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला, तो पावसात फुगून परत बसला तरी सुटला नाही. पॉलिश मात्र तो वेगळं पितो, डाग गडद दिसतो. जुन्या ऑइल पेंटची दारं-खिडक्या घासणार असाल तर कोरडी घासू नका, पाणी मारून घासा आणि पोरांना लांब ठेवा, जुन्या रंगाच्या धुळीत विषारी शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा केंद्राचा नियम २०१६ चा, लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत काय आहे याची खात्री देता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर पावडर पुटी किलोमागं पेस्टपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, पण कालवलेली दोन-तीन तासांत संपवावी लागते. चार खिळ्यांसाठी ती कोण कालवणार? म्हणून एक किलोचा डबा घरात असावा, पाचचा नको. झाकण लावण्याआधी पेस्टवर प्लास्टिकचा कागद दाबून बसवा, हवा राहिली की वर साय धरते. माझ्या डब्याच्या तळाला अजून मऊ पेस्ट आहे. ती माजघरातल्या खिळ्यांच्या भोकांना जाईल. न्हाणीघराच्या भिंतीला आधी प्लंबर येणार आहे.