जबड्याला बांधायचा जेल पॅक: अक्कलदाढ काढल्यावर घ्यावा का?

हिरडी कापून, हाड कोरून अक्कलदाढ काढली असेल आणि टाके पडले असतील, तर घ्यावा. हलणारा दात सहज निघाला किंवा नुसतं रूट कॅनाल झालं, तर यावर पैसे घालवू नका. रुमालात गुंडाळलेला बर्फ पुरतो.

वस्तू साधी आहे. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा इलॅस्टिकचा पट्टा, टाळूवर व्हेल्क्रो, दोन्ही गालांपाशी कप्पे आणि त्यांत सरकवायच्या जेलच्या पिशव्या. यात मोल आहे ते पट्ट्याचं. पहिला दीड-दोन दिवस १५-२० मिनिटं थंड शेक, मग तितकीच विश्रांती, असं जागेपणी चालू ठेवायचं असतं. बर्फाची पिशवी हाताने धरून हे होत नाही, दोन फेऱ्यांतच माणूस कंटाळतो.

विकत घेताना पिशव्या मोजा. दोनच असतील तर घेऊ नका. कोमट झालेली पिशवी फ्रीझरमध्ये पुन्हा गार व्हायला दोनेक तास लागतात, तोवर काय करणार? चार हव्यात. एकाच बाजूची दाढ काढली असेल तर दोनवर भागेल. जेलही दाबून पाहा. फ्रीझरमधून काढल्यावरही ते मऊ राहिलं तर गालाला नीट बसतं. दगडासारखं कडक होणारं जेल जबड्याच्या हाडाला टोचतं.

आता दोष. वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो, पण फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं आणि जेल तिथून निघतं. म्हणजे पहिली काही मिनिटं ते बर्फापेक्षा गार असतं. त्यात गाल अजून बधिर असतो. खालच्या जबड्याची भूल उतरायला तीन-चार तास सहज लागतात आणि तोवर कातडी भाजतेय हे कळत नाही. कप्प्याचं कापड पातळ असेल तर आतून सुती फडक्याची एक घडी घाला, आणि भूल असेपर्यंत दर पाच मिनिटांनी आरशात गाल बघा. पांढरा पडला असेल तर लगेच काढा. पट्टा बांधून झोपायचं तर नाहीच.

‘पॅक लावूनही दुसऱ्या दिवशी तोंड सुजलंच’ म्हणून एक तारा देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, पॅक असो वा नसो. थंडाव्याने ठणका दबतो, सुजेला थोडा आवर बसतो, एवढंच. दोन दिवसांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. पाकिटावर ‘गरम-थंड दोन्ही’ असं छापलेलं असतं. गरम शेक मात्र डॉक्टरांनी सांगितला तरच, तोही ४८ तासांनंतर.

जखमेत धरलेली रक्ताची गाठ टिकवणं हे या पॅकचं काम नाही, ते तुमचं. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवायचं आणि नुसतं ओघळू द्यायचं. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. गाठ निघून गेली तर दोन ते चार दिवसांत ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. तेव्हा पॅक बांधून बसू नका. दवाखान्यात जखम धुऊन औषध भरून घ्यावं लागतं.

पट्टा डोक्याच्या घेराप्रमाणे बसतो, पण तेल लावलेल्या केसांवरून मागे घसरतो. दोन बोटं आत जातील इतकाच आवळा. जास्त ताणला तर कानामागे काचतो. कापड साबणाने हाताने धुता येतं, व्हेल्क्रो मिटूनच धुवा, नाहीतर कापडाचे धागे ओढले जातात. पिशवीची शिवण चिकट लागली की ती पिशवी फेकून द्या.