२७ डॉलरचा अकुन्या, अख्खा सीझन वापरून : गुडघा ओके, स्टीलची बोंब

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फँटसी बेसबॉलमधल्या माझ्या खेळाडूचा आहे (खरे खेळाडू विकत घेऊन आपली टीम बनवायची, ते खऱ्या मॅचमध्ये करतील ते आपल्या खात्यात), आणि तो बॅटिंगचा नाही. बॅटिंग एक नंबर, त्यात वादच नाही. माझं दुखणं आहे नऊ. पूर्ण २०२५ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने केलेले स्टील (पिचरची नजर चुकवून पळत चोरलेले बेस), फक्त नऊ. ज्या माणसाने २०२३ ला ४१ होमरन आणि ७३ स्टील करून लोकांना एकहाती लीग जिंकून दिल्या, तोच हा, आणि तेव्हा तो माझ्याकडे नव्हता हे वेगळं सांगायला नको.

तर मार्चमध्ये आमचं ऑक्शन होतं, इथे आल्फारेटात पप्पूशेठच्या बेसमेंटमध्ये. बारा टीम, प्रत्येकी २६० डॉलर (खोटे), एन्ट्री १०० डॉलर (खरे). अकुन्याचं नाव निघालं आणि सगळे एकदम वेफर्स खायला लागले, कारण डाव्या गुडघ्याचा एसीएल (लिगामेंट) मे २०२४ ला पिट्सबर्गात गेलेला आणि उजवा २०२१ ला मायामीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम झालेली गाडी. मी म्हटलं स्वस्तात मिळतेय तर घेऊन टाकू. २७ ला सुटला. माझा हिशोब असा होता की २०२२ ला उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करून आला तेव्हा होमरन १५ वर अडकले होते पण स्टील चांगले २९ होते, म्हणजे पळणं कुठे जात नाही, ताकदच तेवढी उशिरा येते. फार अभ्यास करून काढलेला निष्कर्ष होता हा, आणि बरोब्बर उलटं झालं.

पहिले दोन महिने तर नुसतं भाडं भरलं. आमच्याकडे आयएलचे (जखमी खेळाडू ठेवायचे) स्लॉट दोनच, एकात अकुन्या, दुसऱ्यात पिचर स्ट्रायडर, तोही ब्रेव्ह्जचाच, तोही कोपराचं ऑपरेशन करून आलेला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या दुसऱ्या पिचरचा, ब्लेक स्नेलचा, खांदा गेला, आता त्याला ठेवू कुठे? बेंच भरलेला. दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. त्यानंतर स्ट्रायडर आला, एक मॅच टाकली, आणि पाचच दिवसांत हॅमस्ट्रिंग धरून परत त्याच स्लॉटमध्ये. स्नेलला पुढे शेठने उचलला, ऑगस्टमध्ये तो परत आला आणि झकास टाकला. त्यावर मी बोलणार नाही.

आणि अकुन्यासाहेब तेव्हा आयएलवरून ट्विट करत होते. त्याच्याच टीमचा केलेनिक बॉल मारून जोरात पळाला नाही आणि कोच स्निटकरने त्याला बाहेर बसवलं नाही, तर याने लिहिलं की त्याच्या जागी मी असतो तर मला काढलं असतं. नंतर डिलीट केलं म्हणा. पण हा पळण्याचा आग्रह लक्षात ठेवा.

२३ मे, शुक्रवार. डाव्या गुडघ्याला वर्ष व्हायला तीन दिवस कमी. आम्ही एका मित्राच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला, मी हातात पावभाजीची प्लेट घेऊन, आणि फोनवर दिसतंय की हा पॅड्रेस टीमविरुद्ध लीडऑफ, म्हणजे पहिला बॅटर. याला आयएलमधून काढून राइट फील्डला टाकायला गेलो तर ॲप म्हणतं रोस्टर फुल आहे, आधी कुणाला तरी ड्रॉप करा. (तीन दिवस आधी स्ट्रायडर परत आलेला, त्याने शेवटची जागा खाल्ली होती.) मॅचला चार मिनिटं. एका हाताने स्क्रोल करतोय, कुणाला काढू, हा नको, तो नको, एकेकावर डॉलर मोजलेत हो, तेवढ्यात बायको म्हणाली केक कापतायत, फोन ठेव. ठेवला. परत बघितला तेव्हा लाइनअप लॉक, आणि अकुन्याने पहिलाच बॉल, पहिलाच, त्यांच्या पिचर पिव्हेटाचा, ४६७ फूट, होमरन मारलेला. माझ्या आयएल स्लॉटमध्ये. शून्य.

सपोर्टला मेल टाकला, स्क्रीनशॉटसकट. दोन दिवसांनी उत्तर, नियम वाचा. परत मेल टाकला की प्लेअर ॲक्टिव्ह झालाय हे तुम्हाला माहीत, तर मॅचच्या चार मिनिटं आधी तरी एक नोटिफिकेशन पाठवाल की नाही? तेच उत्तर, खाली फक्त नाव दुसरं. तिसऱ्या मेलला स्टार रेटिंग मागितलं. एक दिला.

आता प्रामाणिकपणे. जून-जुलैमध्ये वाटायला लागलं की २७ डॉलर वसूल. ॲव्हरेज तीनशेच्या वर, ऑल-स्टार गेममध्ये स्टार्टर, तोही अटलांटातच, होमरन डर्बीतून आपणहून बाहेर पडला तेव्हा तर मला याचं फार कौतुक वाटलं, अंग जपतोय म्हणून. सॅक्रामेंटोला कोपऱ्यातून थेट थर्ड बेसला जो थ्रो मारला तो मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून सहा वेळा बघितला. थ्रोला फँटसीत काही मिळत नाही, पण ठीक आहे. पाच स्टार द्यायचे असं ठरवून या रिव्ह्यूचा पहिला खर्डा जुलैत लिहून ठेवला होता.

आता डिसेंबरमध्ये परत लिहितोय, स्टार कमी केलेत.

जुलै संपता संपता कॅन्सस सिटीत उजव्या पायाची पोटरी धरली, परत आयएल, ऑगस्टच्या मध्याला परत. एकूण ९५ मॅच, .२९० ॲव्हरेज, २१ होमरन. आणि माणूस दहातल्या चार वेळा बेसवर उभा होता, .४१७, चार वेळा! वॉकला (चार खराब बॉल पडले की फुकट मिळणारा फर्स्ट बेस) आमच्या लीगमध्ये किंमत नाही, वॉक घेऊन फर्स्टवर पोचल्यावर पुढचा बेस चोरला तरच काहीतरी हाती लागतं, आणि हा तिथे ग्लोव्ह्ज नीट करत उभा. बेस मोठे केलेत, पिचरने बेसवरच्या माणसाला पकडायला थ्रो (पिक-ऑफ) किती वेळा टाकायचा त्यालाही लिमिट घातलंय, अजून काय पाहिजे, रिक्षा?

२७ भागिले ९, म्हणजे तीन डॉलरला एक स्टील. शेठने जॉश नेलर ९ डॉलरला घेतला होता. नेलर बघितलाय का तुम्ही? आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची अंगकाठी. तीस स्टील! तीस सेंटला एक. मेट्सच्या हुआन सोतोचे ३८, तो तर आधी कधी असा पळतच नव्हता. सगळी दुनिया पळाली.

बायकोने हे वाचून एकच विचारलं, पिट्सबर्गात त्याला लागलं कसं? लागलं म्हणजे काय, कुणी धडकलं नव्हतं, सेकंडवरून थर्डकडे निघाला होता, मध्येच थांबून मागे वळला आणि गुडघा वाकडा झाला. "मग तो पळेल कशाला," म्हणाली आणि गेली भाकरी थापायला. आता यावर काय बोलणार.

तरी फायनल टेबल सांगतोच. चार स्टीलने दुसरा नंबर हुकला, तिसरा आलो, एन्ट्रीचे शंभर परत मिळाले, दुसऱ्याला तीनशे होते. होमरनमध्ये मी आरामात पहिला होतो, म्हणजे त्या ४६७ फुटांनी काडीचा फरक पडला नसता. मेल मात्र तीन टाकले त्याचा पश्चात्ताप नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याला कमबॅक प्लेअर ऑफ द इयर मिळालं, बरोबरच आहे, दोन गुडघे करून असं खेळणं खायचं काम नाही. कोच स्निटकर गेला, त्याच्या जागी वॉल्ट वाइस आलाय, तो याला मोकळा सोडेल अशी मी स्वतःची समजूत काढलीय. कीपर म्हणून, म्हणजे पुढच्या सीझनलाही, ठेवायचा तर पाच डॉलर वाढतात, ३२ होतात. शेठ म्हणतो नेलर घे आणि हा मला दे. नाही म्हटलं, सरळ. साडेतीन स्टार. आणि लीगमध्ये तिसरा आयएल स्लॉट मंजूर झालाय, सात विरुद्ध पाच, ठराव मीच मांडला होता.