तरण तलाव, दर्या की झर? गोव्यात रोज पोहायचं तर

व्यायाम म्हणून पोहायचं ठरलं की गोव्यात पहिला प्रश्न जागेचा. पणजीत कांपालच्या तलावाची फी भरायची, की मिरामारचा किनारा फुकट आहे म्हणून तिकडेच उतरायचं? तब्येतीच्या बाजूने पाहिलं तर तलावातले त्रास हळूहळू अंगावर येतात, दर्यातले एका क्षणात.

आधी तलाव. आत शिरताच नाकाला झोंबणारा वास आला की आपण म्हणतो, क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छच असणार. खरं तर तो वास क्लोरामाइनचा. पोहणाऱ्यांच्या घामाशी आणि (हो, मुलांच्याच नव्हे) लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो तयार होतो. डोळे लाल होणं, खोकला, दम्याच्या रुग्णाची छाती भरून येणं, हे सगळं त्याचंच काम. छताखालच्या तलावात हवा खेळती नसेल तर त्रास जास्त. म्हणून फी भरण्याआधी संध्याकाळच्या गर्दीत एक फेरी मारा. तळाची रेघ स्पष्ट दिसते का पाहा आणि पाण्याचा पीएच व क्लोरीन किती, ते विचारा. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरा तलाव बघा. क्लोरीनने सगळंच मरतं असंही नाही: जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. तेव्हा पाणी गिळू नका.

दर्यात क्लोरीनचा जाच नाही, त्वचा कोरडी पडणाऱ्याला बरं वाटतं. पण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तो विषयच नाही, आणि चार महिने खंड पडला तर नियमित व्यायाम कसला? एरवीही लाल बावटा असेल तिथे उतरायचं नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे, जीवरक्षक असतानाच पोहायचं. आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीशी झुंजू नका. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. पायाला जखम असेल तर त्या दिवशी घरीच बसा. खाडी किंवा नाला जिथे मिळतो तिथलं पाणी, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, टाळलेलं बरं.

झर, तळी, धबधबे? सहलीला ठीक, रोजच्या पोहण्याला नाही. पावसाळ्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार पसरतो. पोहल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना कुठे पोहलात ते आवर्जून सांगा.

माझ्या मते बारमाही तलाव धरावा आणि ऑक्टोबर ते मे हवं तेव्हा दर्यावर जावं. दमा असेल तर मात्र पारडं दर्याकडे झुकतं. फिट येत असतील किंवा हृदयाचा विकार असेल तर कुठेही एकट्याने उतरू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

तलाव असो की दर्या, कान आणि खांदा सारखेच धोक्यात. कानाची पाळी ओढल्यावर कळ आली तर कानाच्या नळीला संसर्ग झालाय समजा. काडी घालून कोरू नका, टॉवेलने टिपा. आणि रोज फक्त फ्रीस्टाइलच मारत असाल तर मधेमधे बॅकस्ट्रोक घ्या, अंतर हळूहळू वाढवा. खांदा आठवड्यात कुरकुरत नाही, महिन्यांनी कुरकुरतो.