मानवी डीएनएच्या मोजणीचे प्रमाणद्रव्य: एसआरएम 2372ए

डीएनए प्रोफाइल, म्हणजे व्यक्तीची ओळख पटवणारा डीएनएचा आराखडा, तयार करण्याआधी नमुन्यात मानवी डीएनए किती आहे, हे रिअल टाइम पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवत असतानाच त्या मोजणाऱ्या पद्धतीने) मोजावे लागते. तो कमी पडला तर डीएनएतील खुणांची काही रूपे, म्हणजे काही अ‍ॅलील दिसतच नाहीत आणि जास्त झाला तर प्रोफाइलच्या आलेखात नको ती शिखरे उमटतात. या मोजणीचा सारा भार तपासणी किटसोबत येणाऱ्या स्टँडर्डवर, म्हणजे ज्ञात मात्रेच्या डीएनएवर असतो, तरीही नव्या लॉटच्या (उत्पादन-खेपेच्या) कुपीवरील आकडा पुष्कळदा न तपासताच स्वीकारला जातो. मला हे धोक्याचे वाटते. तो आकडा पडताळण्यासाठी अमेरिकेतील एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेचे एसआरएम 2372ए हे प्रमाणद्रव्य, म्हणजे प्रमाणित मूल्य असलेला संदर्भ नमुना, उपयोगी पडते.

यात तीन कुप्या येतात: एका पुरुषाचा डीएनए, एका स्त्रीचा डीएनए आणि पुरुष व स्त्री यांच्या डीएनएचे एकास तीन प्रमाणातील मिश्रण. प्रत्येकीत दर मायक्रोलीटरला सुमारे 50 नॅनोग्रॅम डीएनए असतो.

माझा या द्रव्यावर विश्वास बसला तो त्याच्या पूर्वेतिहासामुळे. 2007 मधील मूळ एसआरएम 2372 मधील डीएनएचे प्रमाण 260 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशशोषणावरून ठरवले होते. साठवणीत डीएनएचे दुहेरी धागे अंशतः सुटू लागले, आणि सुटे धागे अधिक प्रकाश शोषत असल्याने कुपीतील डीएनए तेवढाच असूनही आकडा बदलला. संस्थेने ते द्रव्य विक्रीतून काढून घेतले आणि पुढे 2018 मध्ये आलेल्या 2372ए साठी मापनाचा पायाच बदलला. आता नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत विभागून, किती थेंबांत डीएनए सापडला यावरून डीएनएच्या प्रतींची संख्या काढली जाते. ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरच्या या पद्धतीला तुलनेसाठी दुसऱ्या स्टँडर्डची गरज नसते. थेंबाचे आकारमान चुकले तर सगळेच चुकेल, म्हणून संस्थेने तेही स्वतंत्रपणे मोजले. स्वतःचा आकडा डळमळला तेव्हा तो मागे घेण्याची ही तयारी मला प्रमाणपत्रावरील शिक्क्याहून मोलाची वाटते.

द्रव्य महाग आणि थोडे असल्याने ते रोजच्या तपासण्यांवर खर्च करू नये. त्याच्या आधारे प्रयोगशाळेच्या रोजच्या स्टँडर्डमधील डीएनएचे प्रमाण ठरवावे आणि लॉट बदलताना पुन्हा ताडून पाहावे. कुप्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, गोठवू नयेत. आयएसओ 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता घेणाऱ्या आपल्याकडील प्रयोगशाळांना मापनाची अनुरेखनीयता, म्हणजे आपला आकडा मान्य प्रमाणापर्यंत जोडलेला आहे हे, दाखवताना याचा थेट उपयोग होतो.

मर्यादा एक, पण मोठी आहे. यातील डीएनए शुद्ध आणि अखंड आहे, तर जुन्या हाडातील किंवा जळालेल्या कापडावरील डीएनए तुटका आणि पीसीआरला अडवणाऱ्या द्रव्यांनी भरलेला असतो. अशा नमुन्यांसाठी ऱ्हासाची आणि अवरोधाची तपासणी वेगळीच करावी लागते.