हायगेट सिमेट्री, लंडन: पश्चिमेकडची टूर, मार्क्स राहिला तरी चालेल (५ पैकी ५)

खरं सांगायचं तर आम्ही मार्क्सची कबर बघायला निघालो होतो, म्हणजे हे निघाले होते आणि मी आपली सोबत. आर्चवे स्टेशनपासून चढ चढत वॉटरलो पार्कातून वर पोचलो तेव्हा कळलं की सिमेट्रीचे दोन भाग आहेत, मधून स्वेन्स लेन जाते, मार्क्स पूर्वेला आणि जुनं बांधकाम सगळं पश्चिमेला. पश्चिमेची टूर दहा मिनिटांत सुटणार होती, म्हटलं आधी ही उरकू.

उरकू कसलं. कबरस्तान म्हणजे दगड, क्रॉस आणि एखादा देवदूत एवढंच माझ्या डोक्यात होतं, इथे गल्ली आहे, चौक आहे, दारं आहेत, दारांवर घराण्यांची नावं आहेत. गाईड बाई वयस्कर होत्या, छान खणखणीत आवाजाच्या, त्यांनी आधीच सांगून टाकलं की हे पुण्यकर्म नव्हतं, धंदा होता. लंडनमधल्या चर्चच्या आवारात पुरायला जागा उरली नव्हती म्हणून पार्लमेंटने खासगी कंपन्यांना शहराबाहेर परवानगी दिली आणि १८३२ ते १८४१ मध्ये अशा सात मोठ्या सिमेट्री झाल्या. हायगेट १८३९ ची, लंडन सिमेट्री कंपनीची, आणि कंपनी काढणारा स्टीफन गिअरी स्वतःच आर्किटेक्ट. म्हणजे बिल्डर पण तोच आणि डिझायनर पण तोच! हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं वेगळंच दिसायला लागतं, गिऱ्हाईकाला भुलवायला काय काय केलंय ते पटापट कळतं.

पहिला नंबर इजिप्शियन अव्हेन्यूचा. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपला इजिप्तचं वेड लागलेलं, त्यामुळे कमानीला कमळाच्या कळ्यांचे खांब, दोन्ही बाजूंना उंच ओबेलिस्क (वर निमुळते होत जाणारे चौकोनी दगडी खांब), आणि आत चढती अंधारी गल्ली. दोन्हीकडे आठ आठ असे १६ व्हॉल्ट (शवपेट्या ठेवायच्या बंद खोल्या), प्रत्येकात १२ शवपेट्या ठेवायला फळ्या, म्हणजे एका खानदानाची दोनतीन पिढ्यांची सोय. लोखंडी दारांवर उलट्या मशाली आहेत, विझलेल्या आयुष्याची खूण. भर दुपारी तिथे गार वाटत होतं.

गल्ली संपते तिथे सर्कल ऑफ लेबनॉन, आणि माझ्या मते सगळ्यात डोकेबाज बांधकाम हेच. सिमेट्री व्हायच्या आधीपासून त्या टेकडीवर एक देवदाराचं जुनं झाड होतं, तोडायच्या ऐवजी कंपनीने झाडाभोवती गोल चर खणला आणि चराच्या आतल्या भिंतीत व्हॉल्ट बसवले. झाड वर मातीच्या गोल ढिगावर, आणि ढिगाच्या पोटात २० खोल्या. लांबून बघितलं की अवाढव्य कुंडी वाटते. मागणी वाढली तशी १८७० च्या दशकात समोरच्या बाजूला आणखी १६ काढल्या. नीट बघा, आतल्या गोलाची दारं इजिप्शियन वळणाची आणि बाहेरच्यांची ग्रीक-रोमन, तेवढ्या वर्षांत फॅशन बदलली ना! मूळ झाड रोगाने पोखरलं म्हणून २०१९ मध्ये काढावं लागलं, आता नवीन देवदार लावलाय. एवढी मोठी कुंडी आणि रोप एवढंसं, मला उगाच भरून आलं.

मग टेरेस कॅटॅकॉम्ब, म्हणजे शवपेट्या ठेवायचं लांबलचक दालन. हे मात्र गाईडबरोबरच बघता येतं, म्हणून टूर घ्याच. बाहेरून गॉथिक, साधारण ८० यार्ड लांब, आत ५५ व्हॉल्ट आणि प्रत्येकात १५ कप्पे, म्हणजे ८२५ जणांची जागा. आत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, डोळे सरावले की दोन्ही बाजूंना कप्प्यांच्या रांगा, आपण एखाद्या मोठ्या कपाटाच्या आत उभे आहोत असं वाटतं. पेटी मातीखाली न जाता अशी उघड्यावर राहणार म्हणून शिशाची सक्ती होती: आत लाकडाची पेटी, त्यावर झाळून बंद केलेली शिशाची, त्यावर परत शोभेची लाकडी. वजन किती होत असेल आणि वरच्या कप्प्यापर्यंत ती उचलत कोण असेल, यांनी तोच हिशोब बाहेर येईपर्यंत चालवला होता. आणि या सगळ्याच्या छपरावर फिरायला गच्ची, म्हणजे खाली कप्पे आणि वर व्हिक्टोरियन मंडळी टेकडीवरून लंडन बघत हिंडणार.

जवळच ज्युलियस बिअरचा मॉसोलियम आहे, म्हणजे थडग्याची भव्य इमारत; हा बिअर ऑब्झर्व्हर पेपरचा मालक. हॅलिकार्नासस या प्राचीन शहरातल्या प्रसिद्ध थडग्याच्या धर्तीवर बांधलाय आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलाय, थेट गच्चीसमोर. श्रीमंतीचा तोरा वाटतो, पण आतलं शिल्प त्याच्या आठ वर्षांच्या लेकीचं आहे हे ऐकलं आणि मी गप्प झाले.

जायचं असेल तर बूट चांगले घाला, सगळा चढ आहे आणि पाऊस झाला की पायवाटा निसरड्या. १९७५ च्या सुमाराला हे सगळं झाडोऱ्यात बुडालं होतं, फ्रेंड्स ऑफ हायगेट सिमेट्री या संस्थेच्या लोकांनी सांभाळलं, पण झाडी मुद्दाम पूर्ण काढलेली नाही, त्यामुळे फोटो मस्त येतात. इथे अजून दफनं होतात हे लक्षात ठेवा आणि आवाज कमी. पूर्वेसाठी वेगळा तासभर राखून ठेवा, आमचा मार्क्स राहिलाच आणि ते मला अजून ऐकवलं जातंय.